ॲनिमे विषयावरील भोपळा कोरण्याच्या स्पर्धेत पहिल्यांदा भाग घेताना

ऑक्टोबर सुरू झाला की हॅलोविनच्या निमित्ताने अमेरिकेतील सार्वजनिक वाचनालयांत, महाविद्यालयांच्या ॲनिमे क्लबांत आणि वसाहतींच्या सूचनाफलकांवर भोपळा कोरण्याच्या स्पर्धांची पत्रके दिसू लागतात. त्यांतल्या काही स्पर्धांचा विषय ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, हाच असतो. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी इकडे आलेल्या मराठी मंडळींना आणि इथेच वाढणाऱ्या त्यांच्या मुलांना ॲनिमेतील पात्रे परकी नाहीत, कारण डोरेमॉन आणि शिनचॅन भारतातील घराघरांत टीव्हीवर पाहिले गेले आहेत. भोपळा मात्र आपल्याला भाजीसाठी, भरतासाठी किंवा घारग्यांसाठी माहीत असतो आणि त्यावर चेहरा कोरण्याची वेळ आपल्यावर सहसा आलेली नसते. अशा स्पर्धांत मी भाग घेतला आहे आणि मांडणीच्या वेळी मदतीला उभा राहून इतरांचे भोपळेही जवळून पाहिले आहेत. नवशिक्यांचे बहुतेक भोपळे हत्यार हातात घेण्याआधीच, म्हणजे चित्राच्या तयारीत बिघडतात, असे मला ठामपणे वाटते. म्हणून या लेखात त्या भागाला मी सर्वांत जास्त जागा दिली आहे.

१. आधी नियमपत्रक, मग भोपळा

नियमपत्रक पूर्ण वाचून झाल्याशिवाय भोपळा विकत घेऊ नका. काही स्पर्धांत भोपळा घरी कोरून आणायचा असतो, काहींत तो जागेवरच ठरावीक वेळेत कोरायचा असतो, तर काहींत केवळ छायाचित्र पाठवायचे असते. अनेक वाचनालये सुरी आणि करवत टाळण्यासाठी फक्त रंगवलेले किंवा सजवलेले भोपळे स्वीकारतात. असा नियम असताना कोरलेला भोपळा घेऊन गेलात, तर तो कितीही सुंदर असला तरी स्पर्धेबाहेर राहतो. खालील गोष्टी पत्रकात सापडल्या नाहीत तर आयोजकांना लेखी विचारून घ्या.

- भोपळा खराच हवा की फोमचा कृत्रिम भोपळा चालतो.
- आकारावर किंवा वजनावर मर्यादा आहे का.
- विकतचा किंवा दुसऱ्याने तयार केलेला साचा चालतो, की आराखडा स्वतःचाच हवा.
- रक्त, शस्त्रे किंवा भयानक दृश्ये दाखवण्यावर बंदी आहे का. मुलांसाठी असलेल्या जागांत ती बहुधा असते.
- मेणबत्ती चालते का. बंदिस्त इमारतीत साधारणपणे फक्त बॅटरीवरचा दिवा चालतो.
- भोपळे उजेडात मांडले जाणार आहेत की अंधारात.

यांतला शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याचे कारण तिसऱ्या टप्प्यात येईल.

नोंदणीसाठी लागणारी कागदपत्रे थोडीच असतात. भरलेला प्रवेश अर्ज, वाचनालयाचे किंवा महाविद्यालयाचे ओळखपत्र, स्पर्धक अल्पवयीन असल्यास पालकांची सही असलेले संमतिपत्र आणि छायाचित्रे प्रसिद्ध करण्यास परवानगी देणारी सही, एवढे बहुतेक ठिकाणी पुरते. वयोगट नीट तपासा. लहान मुलाच्या नावाने दिलेल्या भोपळ्यावर मोठ्यांच्या हाताचे काम दिसले की परीक्षकांच्या ते लगेच लक्षात येते, आणि ज्या मुलांनी स्वतः कष्ट घेतलेले असतात त्यांच्यावर त्यात अन्याय होतो.

२. पात्राची निवड

आवडते पात्र आणि भोपळ्यावर उठून दिसणारे पात्र एकच असेल असे नाही. निवड करताना मी एक साधी चाचणी लावतो. पात्राचे चित्र मोबाइलवर काळे-पांढरे करायचे, ते अंगठ्याच्या नखाएवढे लहान करायचे आणि हात लांब धरून पाहायचे. तरीही पात्र ओळखू आले तर ते भोपळ्यावरही ओळखू येईल. ज्याची ओळख केवळ केसांच्या रंगावर किंवा पोशाखातील बारकाव्यांवर टिकून आहे, ते पात्र इथे टिकत नाही, कारण भोपळ्याला रंग एकच असतो.

पहिल्या खेपेसाठी ‘वन पीस’मधील लफीची गवती टोपी घातलेली कवटी उत्तम, कारण ते चिन्ह काळ्या-पांढऱ्यातही सहज ओळखू येते. घिबली या जपानी ॲनिमेशन स्टुडिओचा नो-फेस, म्हणजेच काओनाशी, हाही चांगला पर्याय आहे. त्याचे काळे शरीर भोपळ्याच्या सालीत आपोआप मिसळून जाते आणि तुम्हाला फक्त लांबट पांढरा मुखवटा आणि त्यावरच्या मोजक्या खुणा कोराव्या लागतात. त्याच स्टुडिओच्या तोतोरोचा भोपळ्यासारखाच गोल देह आणि पोटावरच्या खुणाही भोपळ्याला साजेशा आहेत. पिकाचू सोपा वाटतो, पण त्याच्या कानांची टोके काळी असतात आणि ती न कोरलेल्या काळोखात हरवून जातात. त्यामुळे कानांच्या मागची जागा उजळ करावी लागते आणि काम दुपटीने वाढते. ‘डेमन स्लेयर’मधील तांजिरोचे कानातले आणि कपाळावरचा व्रण हे ओळखीला पुरेसे असले, तरी त्याच्या अंगरख्यावरची चौकट टाळा. ती वक्र पृष्ठभागावर सरळ बसवायला सरावलेला हात लागतो.

पूर्ण देहाचे किंवा लढाईचे दृश्य पहिल्या वेळी नकोच. चेहरा घ्या, तोही शक्यतो समोरून किंवा किंचित वळलेला.

३. चित्र तीन छटांत उतरवणे

पोखरलेल्या भोपळ्यात आतून दिवा लावल्यावर त्यावर तीनच छटा मिळतात. साल तशीच ठेवली तर ती जागा काळी दिसते. साल काढून आतला गर थोडा खरवडला तर ती जागा नारिंगी-पिवळी उजळते, आणि गर जितका पातळ तितका उजेड अधिक. आरपार कापले तर ती जागा सर्वांत प्रखर दिसते. ॲनिमेच्या चित्रांतही छाया बहुधा सपाट आणि ठळक कडेची असते. मूळ रंग, त्याची एक गडद छटा आणि काळी रेषा असा तिचा साधा हिशोब असतो. म्हणून एखाद्या छायाचित्रापेक्षा ॲनिमेचे चित्र भोपळ्यावर कितीतरी स्वच्छ उतरते.

नेमके इथेच नवशिके फसतात. कागदावर चेहरा पांढरा असतो आणि रेषा काळ्या असतात. म्हणून ते रेषाच कोरतात. दिवा लावला की रेषा पेटतात, चेहरा अंधारात राहतो आणि छायाचित्राच्या निगेटिव्हसारखा उलटा परिणाम समोर येतो. करायचे ते याच्या उलट असते. रेषेच्या जागी साल राखायची आणि रेषांमधला चेहरा खरवडून उजळ करायचा. हे काम जास्त आहे, पण पात्राचा चेहरा खऱ्या अर्थाने दिसतो तो यामुळेच.

कागदावर आराखडा करताना काळा, राखाडी आणि पांढरा असे तीनच रंग वापरा. काळा म्हणजे साल, राखाडी म्हणजे खरवडलेला गर आणि पांढरा म्हणजे आरपार छिद्र. मग प्रत्येक काळ्या आणि राखाडी तुकड्यावर बोट ठेवून पाहा की तो उरलेल्या भोपळ्याशी कुठेतरी जोडलेला आहे का. चहूबाजूंनी पांढऱ्याने वेढलेला तुकडा कापताच आत गळून पडेल. डोळे कोरताना हा धोका सर्वांत मोठा असतो. सुदैवाने ॲनिमेच्या डोळ्यांत बुबुळ बहुधा वरच्या पापणीच्या जाड रेषेला चिकटलेले असते, त्यामुळे जोड आयताच मिळतो. विस्फारलेल्या डोळ्यांत बुबुळ मधोमध तरंगत असेल, तर डोळ्याचा पांढरा भाग आरपार न कापता फक्त खोल खरवडा. खरवडलेल्या जागेत काळा ठिपका निर्धास्तपणे राहू शकतो, कारण त्याच्यामागे गराचा आधार असतो. बुबुळातील चकाकीचे छोटे ठिपके मात्र आरपार कापा. त्या दोन-तीन छिद्रांमुळे चेहऱ्यात जीव येतो.

सालीची रेषा किमान ४ मिलिमीटर रुंद ठेवा. आरपार छिद्रांच्या मधला जोड याहून जाड, साधारण १ सेंटिमीटर असावा.

आता उजेड-अंधाराचा प्रश्न. आरपार कापलेली जागा अंधारात सर्वांत उजळ दिसते, पण दिवसा किंवा दिव्यांनी उजळलेल्या सभागृहात तीच जागा काळी भोक बनून दिसते. खरवडलेला गर मात्र सालीपेक्षा नेहमीच फिका असल्यामुळे उजेडात आणि अंधारात दोन्हीकडे फिकाच राहतो. म्हणून मांडणी उजेडात असेल तर चित्र जवळपास पूर्णपणे खरवडूनच करा आणि आरपार छिद्रे डोळ्यांतल्या चकाकीपुरती ठेवा. मांडणी अंधारात असेल तर हात मोकळा सोडता येतो.

४. भोपळा निवडणे

भारतीय दुकानात मिळणारा आपला लाल भोपळा या कामाला घेऊ नका. त्याचा गर जाड आणि घट्ट असतो आणि तो पोखरताना मनगट दुखून येते. कबोचा या जपानी भोपळ्याची सालही तशीच कठीण असते. ‘पंपकिन पाय’ हा गोड पदार्थ करण्यासाठी विकले जाणारे छोटे गोड भोपळे चवीला चांगले असतात, पण त्यांवर चित्राला जागा पुरत नाही. ऑक्टोबरमध्ये किराणा दुकानांबाहेर आणि शेतांवर ढिगाने ठेवलेले मोठे नारिंगी भोपळे कोरण्यासाठीच वाढवलेले असतात. त्यांतली हाऊडन ही जात मॅसॅच्युसेट्समधील शेतकरी जॉन हाऊडन यांनी १९६०च्या दशकात विकसित केली आणि ती आजही कोरण्यासाठी प्रसिद्ध आहे. या भोपळ्यांचा गर तंतुमय, पाणचट आणि बेचव असतो, त्यामुळे त्याचे घारगे करण्याचा मोह टाळा. बिया मात्र धुऊन, वाळवून, मीठ लावून भाजल्या तर छान लागतात.

भोपळा निवडताना त्याचा एक चेहरा शोधा. एका बाजूला कमी खोल खाचा असलेला, बऱ्यापैकी सपाट आणि डाग नसलेला भाग हवा. भोपळा हलवल्यावर डुगडुगता कामा नये. देठ हिरवट आणि घट्ट असावा, आणि देठाला धरून भोपळा कधीही उचलू नये. बुडाशी अंगठा दाबून पाहा. तिथे मऊ लागले तर आत कुजायला सुरुवात झालेली आहे. न कापलेला भोपळा थंड, कोरड्या जागी कित्येक आठवडे टिकतो, म्हणून तो लवकर आणून ठेवायला हरकत नाही. शक्य असेल तर एक जास्तीचा घ्या आणि खरवडण्याचा सराव त्याच्या मागच्या बाजूवर करा.

५. हत्यारे आणि साहित्य

- छोटी दातेरी करवत. ती हंगामात कोरण्याच्या संचात स्वस्तात मिळते आणि स्वयंपाकघरातल्या सुरीपेक्षा पुष्कळ सुरक्षित असते.
- लिनो (छापचित्रांसाठी वापरतात ते लिनोलियम) कोरण्याचे कटर, अरुंद आणि रुंद पात्यांसह. साल काढण्यासाठी याहून चांगले हत्यार मला मिळालेले नाही.
- मातीकामात वापरतात ती तारेच्या वळशाची कोरणी, गर खरवडण्यासाठी.
- गर काढण्यासाठी मजबूत धातूचा चमचा.
- टोचण्यासाठी जाड सुई किंवा दाभण.
- सेलोटेप, आराखड्याच्या दोन प्रती, थोडे पीठ, मऊ ब्रश, टूथपिक आणि मोकळ्या हातात घालायला कापरोधक हातमोजा.
- बॅटरीवरचा एलईडी दिवा, पाण्याची फवारणी बाटली आणि पेट्रोलियम जेली.

६. पोखरणे

तोंड वरून कापण्याची पद्धत जुनी आहे, पण स्पर्धेसाठी मी मागच्या बाजूने कापण्याचा सल्ला देईन. तसे केल्याने देठ आणि त्याभोवतीचा घेर शाबूत राहतो, भोपळा लवकर खचत नाही आणि दिवा ठेवणे सोपे जाते. झाकण कापताना करवत तिरकी धरा, म्हणजे झाकण आत पडणार नाही. बिया आणि तंतू पूर्ण निघाले पाहिजेत. मागे राहिलेल्या तंतूंची सावली चित्रावर पडते आणि बुरशीही तिथूनच सुरू होते. त्यानंतर ज्या बाजूला चित्र येणार आहे ती भिंत आतून चमच्याने घासून साधारण अडीच सेंटिमीटर जाडीची करा. जाडी मोजायची असेल तर चित्राबाहेर एका जागी सुई टोचून पाहा. भिंत सगळीकडे सारखी असेल तर पुढे उजेडाचा अंदाज चुकत नाही.

७. चित्र भोपळ्यावर उतरवणे

भोपळा बाहेरून पुसून कोरडा करा. आराखड्याच्या कागदाला कडांवर चिरा द्या, म्हणजे तो गोलाव्यावर सुरकुत्या न पडता बसेल, आणि तो सेलोटेपने आधी मधोमध व नंतर बाहेरच्या दिशेने चिकटवा. डोळे भोपळ्याच्या सर्वांत पुढे आलेल्या भागावर येतील असे पाहा, कारण कडेला गेलेला डोळा समोरून चपटा दिसतो. मग सुईने रेषांवर जवळजवळ टोचे द्या. कागद काढल्यावर भोपळ्यावर थोडे पीठ चोळले की ठिपके पांढरे होऊन स्पष्ट दिसतात. दुसरी प्रत समोर भिंतीवर लावून ठेवा. ठिपक्यांच्या गर्दीत कोणता भाग काळा आणि कोणता राखाडी, हे डोके शांत असतानाही विसरायला होते.

८. कोरण्याचा क्रम

क्रम असा ठेवा. आधी खरवडण्याची कामे, मग छोटी छिद्रे आणि शेवटी मोठी छिद्रे. मोठे छिद्र आधी पाडले तर भिंत कमकुवत होते आणि नंतर खरवडताना दाब पडून जोड तुटतात. बहुतेक जण उत्साहाने सर्वांत ठळक भाग आधी कापतात. तो मोह आवरा.

प्रत्येक राखाडी भागाच्या कडेने लिनो कटरच्या अरुंद पात्याने उथळ रेघ मारून घ्या आणि मगच आतली साल काढा. त्या रेघेमुळे पाते शेजारच्या सालीत घुसत नाही. साल निघाल्यावर तारेच्या कोरणीने गर थरा-थराने कमी करत जा आणि मधूनमधून आत दिवा ठेवून, खोलीतले दिवे मालवून पाहा. गाल आणि कपाळ यांसारखे उजळ भाग पातळ करा. हनुवटीखालची किंवा केसांखालची सावली थोडी जाड राखा, म्हणजे ॲनिमेतील दुसरी छटा मिळते. गर १ सेंटिमीटरपेक्षा कमी उरला की फार जपून हात चालवा.

हत्यार नेहमी अंगापासून दूर चालवा आणि मोकळा हात पात्याच्या वाटेत येऊ देऊ नका. भोपळा मांडीवर घेण्याऐवजी ओल्या टॉवेलवर टेबलावर ठेवा. लहान मुलांना चित्र काढणे, बिया काढणे आणि टोचणे ही कामे द्यावीत, पाते चालवणे मोठ्यांनी करावे.

जोड तुटलाच तर घाबरू नका. तुटलेला तुकडा टूथपिकचे अर्धे आत खोचून पुन्हा बसवता येतो आणि समोरून ते दिसतही नाही.

९. दिवा

चांगला कोरलेला भोपळा मंद दिव्यामुळे निष्प्रभ दिसतो. आकाशकंदिलात दिवा जसा मधोमध आणि कागदापासून अंतरावर टांगतो, तसाच इथेही तो आतल्या पोकळीच्या मध्यावर असावा, छिद्रांमधून थेट दिसू नये. खरवडलेल्या चित्राला चहाच्या मेणबत्तीएवढा बॅटरीचा दिवा अजिबात पुरत नाही. प्रखर एलईडी घ्या. पिवळसर प्रकाशात नारिंगी छटा खुलते, तर नो-फेसच्या मुखवट्यासारखे काही असेल तर पांढरा प्रकाश अधिक शोभतो. बॅटरीचा दिवा असेल तर मोठ्या छिद्रांमागे आतून बटर पेपरचा तुकडा टाचल्यास प्रकाश मऊ आणि सारखा पसरतो. मेणबत्ती वापरणार असाल तर कागद आणि पेट्रोलियम जेली दोन्ही टाळा, कारण दोन्ही पेट घेतात.

१०. टिकवणे आणि नेणे

कोरलेला भोपळा उबदार हवेत दोन-तीन दिवसांत मान टाकतो, थंडीत आठवडाभर तग धरू शकतो. टेक्सास किंवा दक्षिण कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी ऑक्टोबरमध्येही ऊन असते, म्हणून तिथे भोपळा सादर करण्याच्या आदल्या दिवशीच कोरा. पोखरणे आणि चित्राची तयारी त्याच्या आदल्या दिवशी करता येते. खरवडलेला पातळ गर सर्वांत आधी सुकून आक्रसतो. त्यावर पाण्याचा फवारा मारा, ओले कापड आणि त्यावर प्लास्टिक गुंडाळून भोपळा फ्रिजमध्ये ठेवा. ४ लिटर पाण्यात १ मोठा चमचा घरगुती ब्लीच घालून त्याचा फवारा आतून मारला तर बुरशी लांबते. मात्र हे हवेशीर जागी करा आणि ब्लीच लिंबू किंवा व्हिनेगरमध्ये कधीही मिसळू नका, कारण त्यातून विषारी वायू निघतो. कापलेल्या कडांना पेट्रोलियम जेलीचा हलका थर द्या. जाड थर चमकतो आणि छायाचित्रात खटकतो.

गाडीत भोपळा खोक्यात, गुंडाळलेल्या टॉवेलच्या कड्यावर बसवा आणि चित्राची बाजू कशालाही टेकू देऊ नका. सोबत टूथपिक, जास्तीच्या बॅटऱ्या, ओले कापड आणि फवारणी बाटली असू द्या.

११. मांडणी आणि छायाचित्र

भोपळ्याशेजारी पात्राचे नाव आणि तुमचे नाव असलेली स्वच्छ पाटी ठेवा. नियम परवानगी देत असतील तर मूळ चित्राची छोटी प्रतही ठेवा, कारण सगळे परीक्षक ॲनिमे पाहणारे असतातच असे नाही. साचा दुसऱ्याचा असेल तर त्याचा उल्लेख पाटीवर करा. भोपळा परीक्षकांच्या डोळ्यांच्या उंचीला येईल असा ठेवता आला तर फार बरे, कारण वरून पाहिले की चेहऱ्याचा आकार बिघडतो.

छायाचित्र पाठवायचे असेल तर ते पूर्ण अंधारात न घेता संध्याकाळच्या संधिप्रकाशात घ्या. भोपळ्याचा गोलावा आणि आतला उजेड त्या वेळी एकत्र दिसतात. फ्लॅश बंद ठेवा, मोबाइल कशावर तरी टेकवा, उजळ भागावर बोट ठेवून फोकस साधा आणि प्रकाश थोडा कमी करा, नाहीतर छिद्रांभोवती पांढरे डाग पसरतात. एक छायाचित्र दिवा बंद ठेवूनही घ्या. काम हाताने केल्याचा पुरावा काही आयोजक मागतात, म्हणून कोरतानाची दोन-तीन छायाचित्रेही जपून ठेवा.

निकालानंतर भोपळा कधी परत न्यायचा हे आयोजकांना विचारा आणि त्या दिवशी तो न्या, कारण कुजणारा भोपळा वाचनालयातल्या कर्मचाऱ्यांच्या गळ्यात पडतो. बॅटरी, टूथपिक आणि कागद काढून भोपळा कंपोस्टमध्ये टाका. ब्लीच किंवा जेली लावलेला भोपळा खारींसाठी किंवा हरणांसाठी बाहेर ठेवू नका, आणि पुढच्या वर्षीसाठी बिया ठेवायच्या असतील तर त्या पोखरतानाच, काहीही फवारण्याआधी, वेगळ्या काढून वाळवा.